बागवान मॅडम आणि डोक्याचं विमान

बागवान मॅडमना कुणी "आज फार उकडतंय" म्हटलं तरी त्या "कशावरून?" असं विचारायच्या. यात चेष्टा नसायची आणि भांडण तर मुळीच नसायचं. समोरच्याच्या कपाळावरचा घाम स्वच्छ दिसत असला, तरी हा माणूस अंगाला जाणवतंय म्हणून बोलतोय की दुसरा विषय सुचत नाही म्हणून, हे त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे. पहिल्या भेटीत मी त्यांना "तुमच्याबद्दल खूप ऐकलंय" असं म्हणाले होते.

"कुणाकडून?" त्यांनी विचारलं.

मी गडबडले, कारण मी काहीच ऐकलं नव्हतं. असं म्हणायची पद्धत असते म्हणून म्हटलं होतं.

"मग नको म्हणूस," त्या म्हणाल्या आणि डबा उघडून जेवायला बसल्या. थोड्या वेळानं डब्यातली कोबीची भाजी माझ्या पुढ्यात सरकवली. भाजी चांगली झाली होती, पण तसं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

आमचं केंद्र विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यावर, एका टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. बोलायला अडखळणाऱ्या मुलांना मी शिकवायची. शेजारच्या खोलीत शमीम बागवान मॅडम एडीएचडी असलेल्या मुलांना बघायच्या. एडीएचडी म्हणजे आपल्या आजीच्या भाषेत ज्याच्या पायाला भिंगरी लागलीय ते मूल, फक्त ही भिंगरी पायाला नसून लक्षाला लागलेली असते आणि रागावून थांबत नाही. आमच्या दोन खोल्यांमध्ये प्लायवूडची भिंत होती. त्यामुळे पलीकडचं प्रत्येक वाक्य मला ऐकू यायचं आणि खरं सांगायचं तर माझ्या खोलीपेक्षा त्या खोलीत मजा जास्त होती.

मॅडम लहान मुलांना "आपण" म्हणायच्या. केंद्रातल्या आम्हां मोठ्यांना सर्रास "अगं" आणि "अरे", पण सात वर्षांच्या पोराला आडनावानं हाक आणि आदरार्थी बहुवचन. मुलं येतानाच घरून, शाळेतून, रिक्षावाल्याकडून ओरडा खाऊन आलेली असायची. इथं दारात एक चष्मेवाली, जाडजूड, गंभीर बाई म्हणायची, "या देशमुख. आपण कपाटावर चढणार आहात का?" देशमुखांनी तोवर एक पाय वर टाकलेला असायचा. "चढा. फक्त आधी बूट काढा, आणि वर गेल्यावर धूळ किती आहे ते मला सांगा. बाई रोज पुसते म्हणते, मला शंका आहे." देशमुख वर जाऊन धुळीचा अहवाल द्यायचे, खाली उतरायचे आणि आपण इथं काहीतरी कामाला आलोय अशा चेहऱ्यानं खुर्चीवर बसायचे. त्यांची आई दारात तोंड उघडं टाकून उभी.

हा स्वभाव त्यांनी कुठून आणला, ते त्यांनीच मला एकदा सांगितलं. नाना पेठेत त्यांच्या वडिलांचा फळांचा धंदा होता. कलिंगडावर टिचकी मारून आतून लाल आहे की पांढरं, हे सांगणारा माणूस म्हणून अब्बांची ख्याती होती. गिऱ्हाइकं लांबून यायची, अब्बा डोळे मिटून टिचकी मारायचे, कान लावायचे आणि निकाल द्यायचे. शमीम तेव्हा चौथीत. एका सुट्टीच्या दिवशी अब्बा नमाजाला गेलेले बघून तिनं दुकानातली कलिंगडं एकेक वाजवली, अब्बा जसं ठरवायचे तसं मनात ठरवलं आणि सुरीनं कापून खात्री करायला सुरुवात केली. अब्बा परत आले तेव्हा ओटाभर फोडी पडल्या होत्या आणि मुलगी मधोमध लालभडक होऊन बसली होती.

"मारलं?" मी विचारलं.

"मारलं तर. पण त्याआधी त्यांनी विचारलं, किती बरोबर आली? मी सांगितलं, कधी येतात, कधी नाही. ते म्हणाले, माझंही तसंच आहे, हे बाहेर बोललीस तर बघ. मग मारलं." एवढं सांगून मॅडम गालात हसल्या. "पण खरं सांगू? त्या दिवसापासून अब्बा मला फार आवडायला लागले."

केंद्राचे मालक डॉ. बेहेरे. मनानं अत्यंत चांगला माणूस, आणि कुठलीही नवी गोष्ट दिसली की अंगात आल्यासारखा उत्साही. एक काम हातात असताना दुसरं आठवायचं, दुसरं करायला गेले की गाडीची किल्ली हरवायची. त्यांच्यात आणि आमच्याकडे येणाऱ्या मुलांत फरक एवढाच, की त्यांना कुणी तपासायला आणलं नव्हतं. ते कुठल्याशा परिषदेला गेले आणि येताना न्यूरोफीडबॅकचं यंत्र ठरवून आले.

यंत्र म्हणजे एक रबरी टोपी, तिला तारा, तारांचं टोक संगणकाला. टोपीतल्या बटणांखाली चिकट पेस्ट लावायची, म्हणजे मेंदूतल्या लहरी पकडल्या जातात. पडद्यावर एक विमान. मुलाच्या लहरी लक्ष देण्याच्या बाजूला झुकल्या की विमान वर चढतं, मन भरकटलं की खाली येतं. मुलानं हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. असं काही महिने केलं, की मेंदूला एकाग्रतेची सवय लागते आणि ती शाळेतही टिकते, असं यंत्राबरोबरच्या चकचकीत पुस्तिकेत लिहिलं होतं. मुलांनी त्याचं नाव ठेवलं डोक्याचं विमान. आयांनी नाव ठेवलं पेस्टचं मशीन, कारण ती पेस्ट केसांतून निघता निघत नसे.

मॅडमनी पुस्तिका वाचून अपेक्षित प्रश्न विचारला. डॉक्टर म्हणाले, "अहो, फॉरेनला सगळीकडे वापरतात."

"वापरतात हे कळलं. गुण येतो का?"

"काही संशोधनात येतो म्हणतात."

"आणि काहींत?"

डॉक्टरांना तेवढ्यात गाडीची किल्ली आठवली.

पण मॅडमनी यंत्र चालवायला घेतलं. मला आश्चर्य वाटलं. मी तसं म्हणाले, तर त्या माझ्यावर जवळजवळ खेकसल्याच. "मला काय हे खोटं ठरायला हवंय? अगं, या मुलांना रोज शिव्या बसतात. नुसतं विमान बघून जर बरं वाटणार असेल, तर मी पेढे वाटेन. म्हणून तर नीट बघायचंय."

त्याच सुमाराला वेदांत खांदवे आला. आठ वर्षांचा, तिसरीत. खांदवे धानोरीकडचे, मूळचे शेतकरी. गाव शहरात आलं आणि शेतात इमारती उगवल्या. वडील बांधकामाच्या कामात कायम फोनवर. मुलाला घेऊन यायचे ते आजोबा आणि आई. आजोबांना सगळे आप्पा म्हणत. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि जिन्यात बसून मोबाइलवर मोठ्यानं कुस्त्या बघायची सवय. आई स्वाती, सारखी ओढणीचं टोक पिळत बसायची.

वेदांत खोलीत आला आणि त्यानं स्वतःची ओळख करून दिली. "मी वेदांत. मला आधीच्या शाळेतून काढलंय."

"छान," पलीकडून मॅडमचा आवाज. "मला माझ्या पहिल्या नोकरीतून काढलं होतं. बसा."

नव्या शाळेतही गाडी त्याच रुळावर होती. संगणकाच्या खोलीबाहेर मुलं बूट काढून ठेवतात, तर यानं सगळ्या वर्गाच्या बुटांच्या नव्या जोड्या लावल्या, एक काळा एका मुलाचा, दुसरा दुसऱ्याचा. प्रार्थनेत मांजरामागे गेला. शाळेनं स्वातीला बोलावून सांगितलं, की वर्षअखेरपर्यंत सुधारणा दिसली नाही तर दुसरी शाळा बघा. स्वाती हे सांगताना रडत होती. "मॅडम, शाळा मिळेल हो कुठलीतरी. पण हा आत्ताच सगळ्यांना सांगत सुटतो, मला काढलंय, मला काढलंय. परत काढलं तर हा तेच धरून बसेल जन्मभर."

मुलांच्या मानसोपचार डॉक्टरांनी त्याला आधीच तपासून गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या आप्पांनी देव्हाऱ्याच्या खणात ठेवून दिल्या होत्या. "एवढ्याशा पोराला डोक्याच्या गोळ्या न्हाई द्यायच्या," ते म्हणाले. "ते टोपीचं मशीन हाय ना, तेच लावा." मॅडमनी त्यांना परोपरीनं सांगितलं, की गोळ्यांचा उपयोग नीट तपासलेला आहे, विमानाचा तसा नाही. आप्पा ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बरोबर हाय तुमचं. मशीनच लावा."

विमान सुरू झालं. सुरुवातीला वेदांतचं विमान बहुतेक जमिनीवरच असायचं. मधे गणपती आले. केंद्रात दरवर्षी गणपती बसायचा, प्रसादाची फळं बागवानांच्या दुकानातून यायची आणि देखावा डॉक्टर स्वतः करायचे. त्या वर्षी त्यांना कल्पना सुचली की बाप्पाच्या मागे तो मोठा पडदा लावायचा आणि त्यावर विमान फिरत ठेवायचं. विमानाला उडायला कुणाचं तरी डोकं लागतं, ही अडचण होती. पण यंत्रात डेमोची सोय होती. ते बटण दाबलं की आधीच भरून ठेवलेल्या लहरींवर विमान आपोआप उडतं. देखावा फारच गाजला. खालच्या टायरवाल्यांनी तर दोनदा येऊन आरती केली.

विसर्जनानंतर पडदा परत खोलीत गेला आणि टोप्या परत डोक्यांवर चढल्या. आणि मग जे सुरू झालं त्यानं आम्ही सगळेच हरखलो. विमानं चढू लागली. वेदांतचं चढलं, देशमुखांचं चढलं, कुणी एक चिमुरडी टोपी घालून चक्क झोपली, तिचंही चढलं. आया सांगू लागल्या की घरी फरक वाटतोय. वेदांत ताटावर बसून पूर्ण जेवला. शाळेच्या डायरीत, जिथं नेहमी तक्रारी असायच्या, तिथं बाईंनी "आज चांगला बसला" असं लिहिलं. स्वातीनं ते पान आम्हाला फिरवून फिरवून दाखवलं. आप्पा जिन्यात कुस्ती सोडून प्रत्येक येणाऱ्याला सांगायचे, "टोपीनं गुण दिला बरं का."

सगळ्यात खूश झाल्या होत्या मॅडम. त्या जेवताना गुणगुणायला लागल्या. एकदा मी मुद्दाम म्हणाले, "वेदांत सुधारलाय हं," आणि श्वास रोखून वाट पाहिली. त्यांनी काहीही विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, "सुधारलाय गं," आणि माझ्या पानात शिरखुर्मा वाढला.

डॉक्टरांनी लगेच दिवाळीआधी पालकांचा मेळावा ठरवला. मॅडमनी यंत्राबद्दल बोलायचं आणि त्यानंतर कोथरूडला दुसरी शाखा. मॅडमनी आनंदानं होकार दिला.

मेळाव्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. पलीकडे वेदांतची वेळ चालू होती. तेवढ्यात मॅडमचा आवाज, "खांदवे, टोपी का काढलीत?"

"डोकं खाजतंय."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग मॅडमचा अगदी बारीक झालेला आवाज, "खांदवे, हे विमान कोण उडवतंय?"

"कुणीच नाही," वेदांत म्हणाला. "ते रोज तसंच जातं. आधी वर, मग ढगापाशी थोडं खाली, मग परत वर. गणपती झाल्यापासून."

मी खोलीत धावले. टोपी मॅडमच्या हातात होती, पेस्ट टेबलावर गळत होती आणि पडद्यावर विमान ढगापाशी थोडं खाली येऊन ऐटीत परत वर चढत होतं. देखाव्याचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. इतके दिवस आमच्या सगळ्या मुलांची विमानं एका अनोळखी, भरून ठेवलेल्या डोक्यावर उडत होती. आलेख प्रत्येकाचा सारखाच सुंदर येत होता आणि आम्ही म्हणत होतो, वा, सगळीच कशी एकदम सुधारली!

"आपण आधी का नाही सांगितलंत?" मॅडमनी वेदांतला विचारलं.

वेदांत खुर्चीत उलटा बसून पाय भिंतीला लावत होता. "तुम्ही सगळे खूश होता," तो म्हणाला. "आई पण रडत नव्हती."

मॅडम डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, दोन्ही हात डोक्याला लावले आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा उजळला. "अहो, पण मॅडम, नुसत्या डेमोवर जर एवढा गुण आला, तर खऱ्यावर किती येईल!"

मॅडमनी हातातली टोपी त्यांच्या टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "डॉक्टर, मी हे मेळाव्यात सांगणार आहे."

"सांगायची काय गरज? मुलं सुधारलीत ना? कुणाचं नुकसान झालं?"

"खांदव्यांचं होतंय. गोळ्या देव्हाऱ्यात आहेत आणि शाळेचं वर्ष निम्मं सरलंय."

डॉक्टरांनी खिशात किल्ली शोधली. मग म्हणाले, "निदान चहा झाल्यावर सांगा. बटाटेवडे सांगितलेत."

मेळावा झाला. मॅडमनी वडे येण्याआधीच सांगितलं. उभ्या राहिल्या, चष्मा पुसला आणि शाळेतल्या मुलीसारखं सरळ सांगून टाकलं, की गणपतीपासून यंत्र देखाव्यावर राहिलं होतं, तुमच्या मुलांच्या मेंदूचा आणि त्या विमानाचा काडीचा संबंध नव्हता. तरीही तुम्हाला फरक दिसला. जगातही असंच दिसलंय: जिथं खरं यंत्र कुणाला आणि खोटं कुणाला हे मुलांना आणि आईवडिलांना कळू न देता तपासलं, तिथं दोन्हींत फारसा फरक उरला नाही. "उद्या कुणी अधिक चांगलं यंत्र काढेल, तेव्हा मी परत तपासीन. आज मी हे औषध म्हणून तुम्हाला देऊ शकत नाही."

 मग सगळे एकदम बोलायला लागले.

आयटीतले एक वडील म्हणाले, "सो बेसिकली प्लासिबो ना, औषध म्हणून दिलेली साखरेची गोळी? डेटा आहे का तुमच्याकडे? शेअर कराल?"

एक आजी म्हणाल्या, "आमच्या चिनूला डेमोच मानवतोय. त्याचं तेच चालू ठेवा. खरं नको बाई."

देशमुखांच्या आईनं विचारलं, "म्हणजे पेस्ट उगाचच लावत होतो?" त्यांचा राग मुख्यतः पेस्टवर होता.

आप्पा मागून उठले. "म्हंजी इतके दिवस आमचं पोरगं नुसतंच बसलं व्हतं?"

"होय आप्पा. नुसतं बसलं होतं. शांत खोलीत, ठरलेल्या वेळी, कुणी ओरडत नसताना. हेच तर नवीन आहे."

मग स्वाती उभी राहिली. तिची ओढणी हातात चोळामोळा झाली होती. "मग माझा मुलगा सुधारलाच नाही?"

"सुधारलाय," मॅडम म्हणाल्या. "विमानामुळे नाही, एवढंच."

"कशावरून?" स्वाती म्हणाली. "कशावरून म्हणता सुधारलाय? तुम्हीच म्हणालात, सगळे खूश होते म्हणून सगळ्यांना तसं दिसलं. मलाही दिसलं. मग शाळेच्या बाईंनाही दिसलं असेल. खरं काय मग? सांगा ना!"

 मॅडमचाच प्रश्न त्यांना कुणी परत विचारलेला मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिला. "मला माहीत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण आपण शोधू. माझ्याबरोबर याल?" मोठ्या माणसाला त्यांनी मुलांना म्हणतात तसं "आपण" म्हटल्यासारखं वाटलं मला, निदान आवाज तसा होता. त्यानंतर वडे आले आणि लोकांनी, पुण्यातल्या रीतीप्रमाणे, निषेध म्हणून दोन-दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी त्या आप्पांच्या समोर जिन्यातच बसल्या. आप्पा म्हणाले, "गोळीनं गुण येईल कशावरनं?"

मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी आप्पांचा हातच धरला. "अहो, हा प्रश्न मशीनला का नाही विचारलात?"

"मशीन फॉरेनचं व्हतं," आप्पा म्हणाले.

मग मॅडमनी त्यांना बेत सांगितला. मुलांच्या डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करायची, पण कोणत्या दिवसापासून ते वर्गाच्या बाईंना अजिबात सांगायचं नाही. त्यांना आपोआप काही दिसलं तर बघू. या लपवाछपवीत आप्पांना एकदम गोडी वाटली. कुस्तीत आधी डाव दाखवायचा नसतो, असं म्हणून त्यांनी देव्हाऱ्याचा खण उघडला. गोळी सुरू झाली त्याच आठवड्यात बाईंचा स्वातीला फोन आला, "वेदांतला बरं नाहीये का? एका जागी बसून गणितं सोडवतोय." आप्पांनी केंद्रात येऊन ही बातमी जिन्यापासूनच ओरडत सांगितली. नंतर पोरगं जेवणावर रुसलं, आप्पा चिडले, मुलांच्या डॉक्टरांनी मात्रा कमी केली. मॅडम शाळेत जाऊन बसल्या आणि वेदांतची जागा खिडकीपासून हलवून बाईंच्या टेबलाजवळ करून घेतली, फळा पुसायचं काम त्याला मिळवून दिलं. स्वातीनं गृहपाठाचे छोटे तुकडे करायला शिकून घेतलं. सगळं थोडं थोडं सुधारत गेलं, आणि त्यातलं काय कशानं, हे मॅडमना कुणी विचारलं की त्या खरं उत्तर द्यायच्या: थोडं माहीत आहे, बाकी नाही.

यंत्र केंद्रात राहिलं. मॅडमनी त्याच्या खोलीच्या दारावर पाटी लावली: "या यंत्रानं गुण येतो असं सिद्ध झालेलं नाही. आल्यास आम्हाला श्रेय देऊ नये." डॉक्टर हबकले. पण पुण्यात गिऱ्हाइकाला दारातच झटकून टाकणाऱ्या दुकानावर लोकांचा विश्वास बसतो. त्या पाटीमुळे चौकशीला येणारे वाढले आणि त्यांतल्या बहुतेकांना मॅडमनी यंत्रापासून वळवून मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कोथरूडची शाखा राहिली ती राहिलीच.

वर्षअखेर जवळ आली आणि नेमका तेव्हा वेदांतनं शाळेच्या काचेच्या पेटीतले मासे पिण्याच्या पाण्याच्या टाकीत सोडले. मासे दाटीत होते, त्यांना जागा मिळावी म्हणून. शाळेतल्या मुलांना दिवसभर पाणी बाहेरून आणून द्यावं लागलं. प्रिन्सिपलनी स्वातीला बोलावलं, आणि स्वातीनं मॅडमना. मॅडमनी मला बरोबर घेतलं. 

प्रिन्सिपल बाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. "वर्षभरात फरक पडला, हे मलाही दिसतं," त्या म्हणाल्या. "पण कशानं पडला? गोळीनं, जागा बदलून, तुमच्या त्या यंत्रानं?"

"यंत्रानं नाही. बाकीचं किती कशानं, ते नेमकं सांगता येणार नाही."

"आणि मासे?"

"ते त्यानं दयेपोटी केलं. चूकच आहे."

"मॅडम, मला पालकांना उत्तर द्यायचंय. पुढच्या वर्षी हा मुलगा वर्गात नीट राहील, याची तुम्ही खात्री देता का? तेवढं सांगा. नाहीतर मला दाखला द्यावा लागेल."

स्वातीनं डोळे मिटून घेतले. मी मॅडमकडे बघायचं टाळलं, कारण उत्तर मला पाठ होतं. खात्री देता येत नाही, शक्यता आहे, अमुक झालं तर तमुक. ज्या बाईनं उकाड्याची खात्री दिली नाही, ती एका आठ वर्षांच्या पोराची काय देणार?

मॅडम दाराकडे बघत होत्या. दार अर्धवट उघडं होतं. बाहेर बाकावर वेदांत एकटाच बसला होता, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून. पाय हलत होते, खांदे हलत होते, सगळं अंग निघून जायला बघत होतं, आणि तो सगळा जोर लावून स्वतःला त्या बाकावर धरून ठेवत होता.

"देते," मॅडम म्हणाल्या. "शंभर टक्के. जबाबदारी माझी."

प्रिन्सिपलनी पुढ्यातला दाखल्याचा कागद खणात परत टाकला.

बाहेर आलो तेव्हा मॅडमनी मला बाजूला ओढलं.  "अगं, मी खोटं बोलले," त्या मला हळूच म्हणाल्या. "कसलाही पुरावा नसताना."  मला हसू आवरेना.

बाकावर वेदांतनं विचारलं, "काढलं?"

"नाही खांदवे, आपण राहिलात. पण ऐका. मी आत आपल्या नावानं एक मोठी थाप मारून आले आहे. ती आता आपल्या दोघांना मिळून..."

खांदवे ऐकायला जागेवर नव्हते. "राहिलो!" असं ओरडत ते मैदान ओलांडून फाटकाकडे सुटले होते. फाटकापलीकडे रस्ता होता आणि रस्त्यावर दुपारची सगळी वाहतूक. स्वाती जागच्या जागी किंचाळली. आणि मॅडम पळाल्या. साडी एका हातात गोळा करून, दुसऱ्या हातात पर्स, एक चप्पल वाटेत टाकून, ती जाडजूड, गंभीर बाई भर उन्हात मैदानावरून धावत होती आणि सगळ्या वर्गांच्या खिडक्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होती, "अहो खांदवे! आपण थांबा! कृपा करून थांबा!"

पुढे काही वर्षांनी त्या लेकीकडे सोलापूरला राहायला गेल्या, पण माझ्या डोळ्यांसमोर त्या अजून त्या मैदानातच आहेत, एका चपलेनिशी. वेदांत फाटकात पोचला होता, एक पाय बाहेर पडला होता. मग तो थांबला. मागे वळला आणि मॅडम येईपर्यंत दोन्ही हातांनी फाटकाचे गज धरून उभा राहिला.

कशानं थांबला, ते मला सांगता येणार नाही.